वीस अंश

ऑर्गनमध्ये एकूण १,४८६ नळ्या होत्या. त्यांतल्या २१४ लाकडी, बाकीच्या कथील आणि शिसं यांच्या मिश्रणाच्या. सर्वांत लांब नळी पावणेपाच मीटर, सर्वांत आखूड माझ्या करंगळीपेक्षा लहान. या नळ्या ज्यांवर उभ्या असतात आणि ज्यांतून त्यांना वारा मिळतो, त्या ओक लाकडाच्या हवापेट्या चार. हातांनी वाजवायच्या कळपट्ट्या दोन, पायांनी वाजवायची एक. सज्जावर ऑर्गनच्या पुढे गायकांसाठी बाक सहा. खाली बसायच्या जागा ३८०. कोपऱ्यात घड्या घालून ठेवलेली करडी ब्लँकेटं १६०. तापमान आणि हवेतली आर्द्रता नोंदवणारी माझी यंत्रं चार, आणि एगबर्टकाकाचा साधा तापमापक एक, व्यासपीठाशेजारच्या खांबाला दोऱ्याने बांधलेला.

ही मोजदाद मी बुधवारी सकाळी केली. चार वर्षं कार्यशाळेत काढून ऑर्गन श्टाइनरोडाच्या चर्चमध्ये परत आला होता, आणि ताबा देताना असं मोजावं लागतं. मी इमारतींचं भौतिकशास्त्र शिकले आहे. जुन्या वास्तूंमधली हवा मोजणं हे माझं काम, आणि ऑर्गनच्या कार्यशाळेनेच मला नेमलं होतं. त्या सकाळी चर्चमध्ये अकरा अंश होते, आर्द्रता चौसष्ट टक्के. लाकडाला हवी तशी.

रविवारी उद्घाटन होतं. ॲडव्हेंटचा, म्हणजे नाताळाआधीच्या चार रविवारांतला पहिला, चर्च भरतं तो. त्यासाठी राज्याच्या सांस्कृतिक मंत्री राजधानीहून येणार होत्या, टीव्हीवाले येणार होते, आणि काकाने छापून घेतलेल्या निमंत्रणावर जाड अक्षरात लिहिलं होतं: ‘संगीत म्हणजे आम्ही’.

काका म्हणजे माझ्या वडिलांचा थोरला भाऊ, एगबर्ट त्राउटफेटर, ऑर्गन-मित्रमंडळाचा अध्यक्ष. मंडळाचे सभासद चौऱ्याण्णव. त्यांतले रविवारी प्रार्थनेला येणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. पण ऑर्गनबद्दल बोलायचं झालं की सगळ्यांचा गळा भरून येतो.

बुधवारी दुपारी चर्चशेजारच्या खोलीत बैठक झाली. थर्मासमध्ये कॉफी होती, काकाने आणलेला खसखशीचा केक होता. काका होता, मी होते, मंत्र्यांच्या कार्यालयातून आलेला आपेल नावाचा तरुण होता, आणि हानबाई.

हान मी-रान या अकरा वर्षांपासून इथल्या चर्चच्या ऑर्गनवादक आणि गायनवृंदाच्या प्रमुख. कोरियातून शिकायला आल्या आणि इथेच राहिल्या. बोलतात इतक्या आमच्यासारख्या की फोनवर ऐकणाऱ्याला त्या पलीकडच्या दरीतल्या वाटाव्यात.

“वीस,” आपेल म्हणाला. “मंत्रीबाई असतील तिथे वीस अंश लागतात. आणि टीव्हीला थंडीचे जाड कोट घालून बसलेले लोक चालत नाहीत. अंत्यविधी वाटतो.”

“बारा,” हानबाई म्हणाल्या. “बारापर्यंत मी गप्प असते. वर गेलं की बोलायला लागते, आणि मग त्राउटफेटरसाहेबांना झोप येत नाही.”

“हानबाई, अहो, लोक गाणं ऐकायला येतायत,” काका म्हणाला, “ध्रुवावर मोहिमेला नाही.”

“म्हणून तर ब्लँकेटं मागवली. एकशेसाठ. ऊब चांगली आहे, वास थोडा येतो.”

“मंत्र्यांना वास येणारं ब्लँकेट द्यायचं?”

“त्यांना धुतलेलं देऊ.”

आपेल हसला, काका हसला नाही. मग मी माझं सांगितलं. बाहेर उणे आठ अंश थंडी आहे. बाहेरची हवा कोरडी आहे. ती आत घेऊन तापवली की आणखी कोरडी होते. वीस अंशांना चर्चमधली आर्द्रता तीसच्या खाली जाईल. लाकूड सुकलं की आकसतं, आणि पेटीच्या चौकटीत घट्ट बसवलेल्या फळीला आकसायला जागा नसते. मग ती फाटते.

“फाटते की फाटू शकते?” आपेलने विचारलं.

“फाटू शकते.”

“म्हणजे किती टक्के?”

“ते मला सांगता येणार नाही.”

“मग झालं तर,” आपेल म्हणाला आणि केकचा तुकडा घेतला.

हानबाईंनी आपली पेन्सिल टेबलावर आडवी ठेवली. “या बाईंनी चार यंत्रं लावली आहेत. कार्यशाळेने लिहून दिलं आहे. मीही सांगते आहे. लोकांनी दोन तास कोट घालून बसायचं, एवढंच मागतोय आम्ही. एवढं प्रेम आहे ना सगळ्यांचं?”

तेव्हा काका बोलला, आवाज न चढवता. “हानबाई, या ऑर्गनखाली माझ्या पणजोबांचा बाप्तिस्मा झालाय. आमचा ऑर्गन आम्हाला शिकवू नका.”

हानबाईंनी पेन्सिल पिशवीत टाकली, कप उचलून मोरीत विसळला, जागेवर ठेवला आणि निघून गेल्या. आपेलने वहीत काहीतरी लिहिलं. ते ‘वीस’ असणार.

काका मला गाडीने घरी सोडायला निघाला. मी पट्टा लावला आणि सरळ विचारलं, “तू तिला असं का बोललास?”

“कसं?”

“आमचा ऑर्गन, म्हणून.”

“मग आहे कोणाचा?” त्याने गाडी काच कारखान्याच्या बंद फाटकावरून वळवली. “चौऱ्याऐंशी साली छप्पर गळत होतं. इथल्या साम्यवादी सरकारला चर्चशी देणंघेणं नव्हतं. पडलं तर बरंच, असा मामला. मी बावीस वर्षांचा होतो. मी आणि आणखी दोघं, आम्ही शेतावरची ताडपत्री चोरली आणि छपरावर चढून या ऑर्गनवर ओढली. तीन हिवाळे. वारा सुटला की पुन्हा जाऊन बांधायची. तेव्हा कोणी कोट घातलाय का, कोणी विचारलं नाही.”

“मला माहीत आहे.”

“तुला ऐकून माहीत आहे.”

“छपरावर चढलास म्हणून तो तुझा झाला, आणि अकरा वर्षं रोज वाजवून तिचा झाला नाही?”

बेकरीपुढच्या दिव्याला थांबल्यावर तो म्हणाला, “मेर्ले, आमच्याकडे उरलंय काय? कारखाना गेला. रेल्वे गेली. तुम्ही पोरं गेलात. राजधानीहून कोणी इथे येईल अशी एकच गोष्ट या गावात आहे. ते एकदा आले आणि कुडकुडून गेले तर परत येणार नाहीत.”

“मग ते ऑर्गन ऐकायला येतायत की ऊब खायला?”

“तुला राग आलाय.”

“हो.”

“लहानपणी तू नाक लाल करून सज्जावर बसायचीस. तिथून ओढून आणावं लागायचं तुला.”

“मी कोट घालून बसायचे,” मी म्हणाले आणि दारापर्यंत गाडी जायच्या आधीच उतरले.

गुरुवारी मी शंभर किलोमीटरवर दुसऱ्या चर्चमध्ये कामाला होते. माझ्या यंत्रांच्या नोंदी फोनवर दिसतात. शुक्रवारी सकाळी कॉफी घेताना फोन उघडला आणि कप खाली ठेवला. सज्जावर चोवीस पूर्णांक पाच अंश होते. आर्द्रता सत्तावीस टक्के. आलेख एखाद्या जिन्यासारखा दिसत होता, एकसारख्या पायऱ्यांचा.

मी श्टाइनरोडाला पोचले तेव्हा काका बॉयलरच्या खोलीबाहेर घडीच्या खुर्चीवर बसून पाव आणि सॉसेज खात होता. दाराला नवं कुलूप होतं.

“बंद कर,” मी म्हणाले.

“आधी बस. खाल्लंस काही?”

“काका, बंद कर.”

“मी एकही नियम मोडलेला नाही.” त्याने सुरी पुसली. “कार्यशाळेच्या सूचनेत काय लिहिलंय? तापमान तासाला एका अंशापेक्षा जास्त वाढवू नये. गजर लावून उठलो आहे मी. प्रत्येक तासाला एक अंश, घाई नाही, उशीर नाही. तुझ्या यंत्राला विचार.”

“पुढच्या ओळीत आर्द्रता लिहिली आहे. पंचेचाळीसच्या खाली नाही.”

“तापमान माझ्या हातात आहे. आर्द्रता माझ्या हातात नाही.”

मला वाटलं तो थट्टा करतोय. तो थट्टा करत नव्हता. चाळीस वर्षं त्याने हेच केलं, आधी कारखान्यातल्या भट्ट्या सांभाळल्या, नंतर तालुक्याच्या शाळांचे बॉयलर. ज्याला चाक असतं ते फिरवायचं, बरोबर तेवढंच फिरवायचं, आणि बाकीचं ज्याच्या खात्यात येतं त्याने बघायचं. दिलेला नियम त्याने इतका तंतोतंत पाळला होता की त्याला त्याचा अभिमान वाटत होता.

तो मला आत घेऊन गेला, खांबापाशी उभं केलं आणि तापमापकावर बोट ठेवलं. “वाच.”

“वीस.”

“मग?”

“गरम हवा वर जाते. वर पंचवीस आहेत.”

“वर कोण बसणार आहे?”

“ऑर्गन.”

तो क्षणभर वर बघत राहिला. पुढच्या नळ्या नव्या कथलाच्या होत्या आणि खालच्या दिव्यांत चमकत होत्या. माझी आशा त्या क्षणाएवढीच टिकली.

“आता उतरवायचं म्हटलं तरी तासाला एक अंशच उतरवावं लागेल,” तो म्हणाला. “उद्या सकाळी पुन्हा चढवावं लागेल. ते लाकडाला जास्त वाईट. आता असू दे.”

हे शेवटचं खरं होतं, म्हणूनच मला संताप आला. आधी चूक करायची, मग ती सुधारणं नियमात बसत नाही म्हणायचं.

पाद्र्याला फोन केला. तो सहा गावं सांभाळतो. म्हणाला, मित्रमंडळाने ठरवावं, त्यांनीच ऑर्गन उभा केलाय. जुन्या वास्तूंच्या सरकारी कार्यालयात फोन वाजत राहिला. शुक्रवारी दुपारनंतर तिथे फोनशिवाय कोणी नसतं. कार्यशाळेचा मालक म्हणाला, “ओल्या चादरी लावा. जितक्या मिळतील तितक्या. आणि तुमच्या काकांना सांगा, की मी त्यांना काय म्हणालो ते तुम्ही सांगू शकत नाही.”

हानबाई आणि मी चादरी आणल्या. वृंदातल्या बायकांनी आणल्या. संध्याकाळपर्यंत सज्जाच्या कठड्यावर, बाकांच्या पाठींवर, ऑर्गनच्या मागच्या दांड्यांवर ओल्या चादरी लटकत होत्या आणि खाली पाण्याच्या बादल्या होत्या. रोझलिंडे हेबेनश्ट्राइट ही वृंदातली सर्वांत जुनी बाई. सत्तरी ओलांडलेली, खर्जात गाणारी. तिने तीन फेऱ्या केल्या.

“लग्नात मिळालेल्या चादरी या,” ती धापा टाकत म्हणाली. “चाळीस वर्षं पाहुण्यांसाठी जपून ठेवल्या. पाहुणे आले एकदाचे.”

“परत देऊ धुऊन,” हानबाई म्हणाल्या.

“धुऊन काय देता, ओल्याच तर आहेत.”

शनिवारी दुपारी आर्द्रता चौतीसवर आली. पुरेशी नव्हती, पण रेष वर जात होती. मी खाली उभी राहून फोनकडे बघत असताना आपेल टीव्हीच्या दोन माणसांना घेऊन आला. त्यांनी वर पाहिलं. आपेलने काकाला बाजूला घेतलं. काकाने मान हलवली आणि जिना चढायला लागला. मी मागे धावले.

वर हानबाई बादलीत हात घालून एक चादर पिळत होत्या. काकाने कठड्यावरची पहिली चादर उतरवली.

“ठेवा ती,” हानबाई म्हणाल्या.

“कॅमेरा इकडे वळणार आहे. चर्च आहे हे, कपडे वाळत घालायची गच्ची नाही.”

“एगबर्ट,” रोझलिंडे बाकावरून म्हणाली, “मंत्र्यांनी कधी चादर पाहिली नाही का? झोपतात कशावर त्या?”

“रोझलिंडे, तू मध्ये पडू नको.”

“मी मध्ये नाही पडले, मी चादरीची मालकीण आहे.”

काकाने दुसरी उतरवली. त्याची सवय अशी, की उतरवलेली चादर तो टोकाला टोक जुळवून घडी करत होता, ओलीच. हानबाई उठल्या. त्यांचा आवाज मी कधी चढलेला ऐकला नव्हता, आणि तेव्हाही तो चढला नाही. फक्त त्यातली गंमत निघून गेली.

“त्राउटफेटरसाहेब, हा आमचा ऑर्गन, असं म्हणालात तुम्ही. ठीक आहे. फेब्रुवारीत चार अंशांत तो कसा वाजतो सांगा. कुठली नळी उशिरा बोलते? थंडीत कुठला सूर उतरतो, कुठला तसाच राहतो? माहीत नाही तुम्हाला. मी बोटं कापलेले हातमोजे घालून इथे बसते तेव्हा खाली कोण असतं? रोझलिंडे असते. कधीकधी मांजर. तुम्ही नाताळाला येता. वर्षातून एकदा येता, आणि येताना रुमाल आणता, कारण तुम्हाला रडू येतं. तुमचं रडणं खरं आहे, मला माहीत आहे. पण लाकडाला त्याचा काही उपयोग नाही.”

काकाचं तोंड उतरलं. हातातली चादर त्याने पुन्हा एकदा घडी केली. आणखी घडी होण्यासारखी नव्हती.

“मी तीन हिवाळे—” तो म्हणाला.

“तुम्ही तीन हिवाळे त्याला पावसापासून वाचवलंत. मग त्याच्याकडे पाहणं थांबवलंत आणि त्याच्याबद्दल बोलायला लागलात.”

खालून आपेलने हाक मारली, “झालं का? उजेड जातोय.”

काकाने चादरी उतरवल्या. सगळ्या. आम्ही तिघी बघत उभ्या होतो. मी मदत केली नाही आणि अडवलंही नाही, आणि आता मला वाटतं की अडवायला हवं होतं, अंगाने, जिन्यात उभं राहून.

“उद्या वाजवणार का तुम्ही?” मी हानबाईंना विचारलं.

“वाजवणार. दुसऱ्या कोणाच्या हाताखाली तो फाटावा असं मला वाटत नाही.”

रविवारी तीनशे ऐंशी जागा भरल्या आणि लोक मागे उभे राहिले. कोट बाहेरच्या खोलीत टांगलेले. बायकांच्या अंगात पातळ रेशमी ब्लाउज. पहिल्याच भाषणात लोक कार्यक्रमपत्रिकेने वारा घ्यायला लागले. बाहेर बर्फ कडक झालं होतं आणि आत माझ्या शेजारचा गृहस्थ टाय सैल करत होता.

मंत्री म्हणाल्या, आपण संगीताचं राष्ट्र आहोत. इतर देशांकडे समुद्र आहेत, सोनं आहे. आपल्याकडे सूर आहेत. या सुरांनी आपल्याला युद्धांतून, देशाच्या पूर्व-पश्चिम फाळणीतून, राखेतून तारून नेलं. त्या चांगलं बोलल्या. लोकांनी खूप टाळ्या वाजवल्या. मी फोनवर सज्जाचा आकडा पाहिला: सव्वीस अंश, तेवीस टक्के. त्या सुरांना युद्धातच वापरून घेतलं होतं, हे कोणी बोललं नाही. पहिल्या महायुद्धात याच ऑर्गनच्या पुढच्या नळ्या काढून नेऊन वितळवल्या होत्या. मागच्या दारापाशी लावलेल्या पाटीवर त्याबद्दल ‘गावाने अर्पण केल्या’ असं लिहिलेलं आहे. पाटी मित्रमंडळाने लावली आहे.

हानबाईंनी वाजवायला सुरुवात केली. पहिली रचना नीट गेली. म्हणजे ज्याला कळत नाही त्याला नीट वाटली. उष्णतेने साध्या नळ्यांचा सूर वर चढला होता आणि धातूची पातळ जीभ थरथरून वाजणाऱ्या, म्हणजे जिभेच्या नळ्यांचा तितका चढला नव्हता, त्यामुळे ऑर्गन स्वतःशीच भांडत होता. हानबाईंनी जिभेच्या नळ्या बंद ठेवून निभावलं.

दुसऱ्या रचनेच्या मध्यावर एक सूर थांबेना. त्यांनी बोट उचललं तरी तो वाजत राहिला. मधल्या सप्तकातला, बारीक, नाकातून आल्यासारखा. माझ्या पुढच्या रांगेतला माणूस बायकोकडे झुकून म्हणाला, “आधुनिक आहे.” हानबाईंनी नळ्यांचे संच निवडायचे खटके बदलले. सूर गेला, आणि त्या जागी दुसरे दोन आले. एक कळ दाबली की तिच्या शेजारणीही कुजबुजायला लागल्या. हवापेटीत प्रत्येक सुराचा वेगळा खण असतो, आणि फळी फाटली की वारा एका खणातून दुसऱ्यात शिरतो. मी पहिल्या रांगेकडे पाहिलं. काका ताठ बसला होता. त्याला कळलं होतं. भट्टीतून हवा गळते तो आवाज त्याला कोणी शिकवायला नको होता.

हानबाई थांबल्या. रचना अर्ध्यावर होती. त्यांनी वारा भरणारी मोटर बंद केली. पेट्यांतला वारा संपेपर्यंत तो सूर खाली उतरत गेला, एखादं जनावर बसत जावं तसा, आणि मग शांतता झाली. त्या कठड्यापाशी आल्या. पांढरा शर्ट, बाह्या वर केलेल्या.

“हवापेटी फाटली आहे,” त्या म्हणाल्या. “इथे गेले तीन दिवस जी ऊब होती ती तिला सहन झाली नाही. ऑर्गन आता वाजणार नाही.”

आपेल उभा राहिला, पुन्हा बसला.

“पुढे कार्यक्रमात ॲडव्हेंटचं गाणं आहे. ऑर्गन वाजणार होता, वृंद गाणार होता, तुम्ही ऐकणार होता. या गावात तीनशे वर्षं दर ॲडव्हेंटला ते गातात. पत्रिकेत शब्द छापलेले नाहीत. तुमचंच आहे, तेव्हा तुम्हाला येत असेल. वृंद आज ऐकेल.”

मागे वळून त्यांनी वृंदाला हाताचा तळवा खाली करून दाखवला. रोझलिंडेने तोंड मिटलं आणि हातांची घडी घातली. मग हानबाईंनी पहिला सूर गाऊन दिला.

पहिल्या कडव्याला माझ्या बाजूच्या रांगांत साधारण चाळीस तोंडं हलत होती. पहिली ओळ बरी गेली, ती सगळ्यांना दुकानांतल्या गाण्यांमुळे माहीत असते. दुसऱ्या कडव्याला नऊ. मंत्री हसऱ्या चेहऱ्याने ओठ हलवत होत्या, पण शब्दांशी त्यांचा मेळ नव्हता. माझ्या शेजारच्या गृहस्थाने पत्रिका उलटसुलट करून पाहिली. मी गात होते. दुसऱ्या कडव्यापर्यंत मला येतं.

तिसऱ्या कडव्याला एकच आवाज राहिला. तो पहिल्या रांगेतून येत होता. काका उभा होता, कॅमेऱ्याकडे पाठ, ऑर्गनकडे तोंड. त्याचा आवाज चांगला नाही, कधीच नव्हता. तो सगळे शब्द म्हणत होता, प्रत्येक अक्षर, आईने शिकवल्यासारखं, आणि कुणी साथ देईल म्हणून ओळीच्या शेवटी थोडा थांबत होता. कोणी दिली नाही. वर रोझलिंडेने हानबाईंकडे पाहिलं. हानबाईंनी मान हलवली नाही.

त्याने चौथं म्हटलं. पाचवं म्हटलं. मला त्याची दया आली असती तर बरं झालं असतं. मला फक्त हे दिसत होतं, की ज्या एका माणसाला हे सगळं पाठ आहे त्याच माणसाने कुलूप लावून बॉयलरची किल्ली खिशात ठेवली होती.

गाणं संपलं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. जोरात, सुटका झाल्यासारख्या.

“नका वाजवू,” काका म्हणाला. ते फक्त पुढच्या दोन रांगांना ऐकू गेलं.

बाहेर पडताना मंत्र्यांनी त्याचा हात दोन्ही हातांत घेतला. “असं काही ऐकलं की कळतं आपण कोण आहोत,” त्या म्हणाल्या. काकाने हात सोडवून घेतला. आपेल टीव्हीवाल्यांशी बोलून आला आणि मला म्हणाला, “काळजी करू नका. पहिली वीस मिनिटं सुंदर आली आहेत. बातमीला तेवढी पुरतात.”

“तुम्हाला गाणं येत होतं का?” मी त्याला विचारलं.

“मी पश्चिमेकडचा आहे,” तो म्हणाला. “आमच्याकडे वेगळी म्हणतात.”

“त्यांतलं एखादं?”

तो गाडीची किल्ली शोधायला लागला.

काकाने त्याच संध्याकाळी बॉयलर उतरवायला घेतला. तासाला एक अंश.

सोमवारी सकाळी आम्ही तिघं वर गेलो. हानबाईंनी ऑर्गनच्या मागची फळी काढली. काकाने विजेरी धरली. न सांगता धरली, आणि हानबाईंनी ती त्याच्या हातातच राहू दिली. मी आडवी होऊन आत सरकले. लाकडाचा वास येत होता, कोरडा, पिठाच्या गिरणीसारखा.

“वर धरा जरा,” हानबाई काकाला म्हणाल्या. “तिला दिसत नाही.”

काकाने विजेरी वर धरली. “लहान आहे का?” त्याने विचारलं.

“मोजू दे मला.”

मुख्य हवापेटीची वरची फळी. भेग उजव्या कडेपासून सुरू होते आणि अकरा खणांवरून जाते. लांबी त्रेसष्ट सेंटिमीटर. सर्वांत रुंद जागी एक पूर्णांक एक मिलिमीटर.